बाभळीच्या वळणावरचा झेंडा

५ जानेवारी, रविवार

हणमंतरावांनी आज मैदानावरच जाहीर केलं, यंदा ते मंडळाचं अध्यक्षपद सोडणार. एकोणीस वर्षं झाली त्यांना. गुडघे गेलेत, दर रविवारी अर्धापूरहून शिरूर अनंतपाळच्या माळावर येणं जमत नाही. एवढं बोलून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुंडप्पा उभा राहतोय. बाई, तुम्ही आपलं घड्याळ सांभाळा."

बावीस वर्षं मी घड्याळच सांभाळतेय. जुन्या मोटारसायकलींची शर्यत म्हटलं की लोकांना चालवणारे दिसतात. उन्हात लोखंडी खुर्चीवर बसून प्रत्येक फेरीची वेळ लिहिणारी बाई दिसत नाही. सचिव म्हणून पत्रं मी लिहिते, परवानगीसाठी तहसीलला खेटे मी घालते, रुग्णवाहिका मी ठरवते. मंडळात कुणालाच पगार नाही, म्हणून कुणाला काही सांगता येत नाही, असा इथं सगळ्यांचा समज आहे. मी पस्तीस वर्षं गणित शिकवलंय. सांगता येतं.

"मीही उभी राहतेय," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

लातूरला परतल्यावर यांनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली. डाव्या बाजूचा पत्रा पार मागच्या दारापर्यंत खरवडला. "लक्ष कुठं आहे?" म्हटलं तर किल्ली माझ्या हातात देऊन आत गेले. माझं उभं राहणं यांना आवडलेलं नाही. तोंडानं सांगायचं धाडस नाही, म्हणून खांबावर राग.

८ जानेवारी, बुधवार

नियमांची फाईल काढून बसले. आमच्याकडे वर्गणी भरली म्हणून मत मिळत नाही. कार्यकारिणी आणि चालक सोडले तर हंगामात तीनदा झेंड्याला उभं राहिलं, त्यालाच मत. मतदान शेवटच्या शर्यतीच्या दिवशी, मैदानावरच. यंदा ९ मार्च. ज्यांनी मंडळ काढलं त्यांचा हेतू सरळ होता: जो उन्हात उभा राहिला, त्यानंच मंडळ चालवावं.

मैदानाला सहा वळणं. प्रत्येक वळणावर दोन झेंडेकरी, एक डावीकडे, एक उजवीकडे, समोरासमोर. पुढं कुणी पडलं की दोघांनी पिवळा झेंडा वर करायचा. मागून येणाऱ्यानं तो बघून वेग तोडायचा. नवा झेंडेकरी असेल तर समोर जुना हवा, आणि हजेरीवर सही त्या जुन्याची.

जुने सगळे गुंडप्पाचे. मी नऊ माणसं आणली तरी प्रत्येकासमोर त्याचा एक उभा. नऊला नऊ. गणित सोपं आहे आणि माझ्या विरोधात आहे.

जोडी मोडली तर?

१४ जानेवारी, मंगळवार

गुंडप्पा उदगीरहून तिळगूळ घेऊन आला. यांचा शाळेपासूनचा मित्र. दोघं एकाच राजदूतवर चालवायला शिकले, एकाच दिवशी पडले आणि दोघांनीही घरी खोटं सांगितलं. आता त्याचं उदगीरला लोखंडी सामानाचं दुकान आहे.

"वहिनी, तिळगूळ घ्या अन् अर्ज मागं घ्या!" दारातूनच ओरडला.

"तिळगूळ घेते."

"बगा, अर्धं तर ऐकलं."

नेहमीप्रमाणे तो यांच्या डाव्या हाताला बसला. यांचं कोपर लागून पाण्याचा तांब्या कलंडला, तर खाली पडायच्या आत त्यानं धरलासुद्धा. जणू वाटच बघत होता. यांना मात्र कळलंही नाही. आठवडाभर हे असेच आहेत. माझ्याशी अबोला धरायचा तर धरा, भांडी कशाला पाडायची?

जाताना चप्पल घालता घालता म्हणाला, "झेंड्याचं बदलून राहिल्या म्हणं तुम्ही?"

हणमंतरावांजवळ मी नुसता विषय काढला होता. चार दिवसांत उदगीरला पोचला. "माणसं कमी पडतात," मी म्हणाले. "एका वळणावर एकच ठेवायचा आणि अर्ध्या दिवसानं बदलायचा. ऊन केवढं असतं."

"माणसं मी आणतो. पन दोन बाजूला दोन ठिवा. उगं न्हाई केलेलं ते."

तेच तर. माणसं तो आणणार.

"तुम्हाला मतांची काळजी आहे, भाऊजी."

तो हसला नाही. आत बसलेल्या यांच्याकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि "येतो" म्हणाला.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी उमरी, दुपारी अर्धापूर, तिथं तिघी मिळाल्या. उमरीच्या शाळेत मी बारा वर्षं होते. जुन्या विद्यार्थिनींना फोन केले होते, सहा जणी आल्या. संसार मांडून बसलेल्या बायका, पण मला बघून ओळीत उभ्या राहिल्या.

त्यातली पंचशीला कामाची आहे. एस.टी.त कंडक्टर. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि उत्तर येत असेल तरच हात वर करायची. पण केला की असा, छताला टेकवल्यासारखा.

"बाई, आमाला गाडीतलं काई कळत नाही," ती म्हणाली.

"गाडीतलं कळायची गरज नाही. पडलेला माणूस कळतो ना?"

"तेवढं कळतं."

"मग झालं."

अंगणात केळीच्या पानाचा देठ हातात देऊन सगळ्यांकडून सराव करून घेतला. हात सरळ, कोपर ताठ, झेंडा डोक्याच्या वर. पंचशीलेला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर मैदानावरच कार्यकारिणीची बैठक. एका वळणावर एकच झेंडेकरी, अर्ध्या दिवसाची पाळी, हजेरीवर सही सचिवांची. ठराव चार विरुद्ध तीन असा मंजूर. चौथं मत माझं.

उभं राहायचं कुठं यावर पाच मिनिटं गेली. मी म्हणाले, डावीकडे. तिकडे बांध आहे, बाभळी आहेत, सावली आहे. उजवीकडे उघडा मुरूम. नव्या माणसाला उन्हात भाजून काढलं तर तो तिसऱ्यांदा येईल का?

गुंडप्पा उभा राहिला. "निदान बाभळीच्या वळणावर उजवीकडं एक ठिवा. वळण उजवीकडं हाय. चालवनारा उजवीकडं बगत जातो."

"चालवणाऱ्याला दोन डोळे असतात," मी म्हणाले. लोक हसले. हे मान खाली घालून हातमोजे झटकत होते. नवऱ्यानं निदान हसायला तरी हवं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

सराव. माझ्या नऊही जणी हजर. गुंडप्पाचे जुने झेंडेकरी रुसून घरी बसले. बसू देत. न उभं राहणाऱ्याला मत नाही.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. गुंडप्पा सरावात सतत यांच्या डाव्या बाजूला चिकटून चालवतो. पुढं जायची जागा असून जात नाही. वेळा बघितल्या तर तो एकटा असताना फेरीला चार सेकंदांनी वेगवान आहे. वळणाच्या तोंडावर यांच्या पुढ्यात येऊन डावा हात सोडून खुणा करतो. हे सरळ अडवणं आहे. आल्यावर तक्रार करा म्हटलं, तर हे म्हणाले, "असू दे, सवय आहे आम्हाला."

"त्याची सवय तुमच्या फेरीतले चार सेकंद खाते."

"खाऊ दे," म्हणाले.

ही असली माणसं मंडळ चालवणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

साठीच्या वरच्या चालकांना यंदापासून डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला बंधनकारक. नियम माझाच आहे. हणमंतरावांचा अर्ज दाखल्याशिवाय आला तो परत पाठवला. त्यांनी फोनवर आवाज चढवला. "हौसेखातर एक फेरी मारतो मी, बाई!" मी म्हणाले, एका फेरीतही माणूस पडतो.

यांना तीनदा सांगून झालं. सोमवारी म्हणे गर्दी होती. आज म्हणे दवाखाना बंद.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज शेवटची तारीख. साडेपाचला फाईल बंद करायची आणि यांचा दाखला नाही. अध्यक्षपदाला उभ्या असलेल्या बाईच्या नवऱ्याचाच अर्ज बाद, हे उदगीरपासून उमरीपर्यंत चघळलं गेलं असतं. यांना विचारलं, "बरं दिसतं ना?" म्हणाले, "दिसतं की. तू दिसतेस." अडतीस वर्षं माणूस डोळ्यांसमोर आहे. "दृष्टी समाधानकारक" असं लिहून सचिव म्हणून मीच सही केली. दाखला नंतर आणून जोडते.

नियम मोडला नाही. पुढं ढकलला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. सिद्धेश्वराच्या यात्रेत जायचं होतं, गर्दी नको म्हणून घरीच पूजा केली. यांनी उजवीकडची समई लावली, डावीकडची तशीच ठेवून डोळे मिटून बसले. मी उठून लावली. डाव्या बाजूच्या बेलपानांना तर हातच लागला नव्हता. पूजेतसुद्धा मन नाही. एवढी निवडणूक खुपत असेल तर बोलून मोकळं व्हावं.

मतांचा अंदाज: माझी अकरा, त्याची सात.

२ मार्च, रविवार

शेवटचा सराव. माझ्या सगळ्यांच्या तीन पाळ्या पुऱ्या झाल्या. पंचशीला बाभळीच्या वळणावर होती. मुद्दाम दिली, सगळ्यात अवघड जागा आहे.

सामान भरताना ती माझ्यापाशी आली. "बाई, सर मला बघून नाही राहिले."

"म्हणजे?"

"त्या निलंग्याच्या पोराची गाडी पडली, मी झेंडा केला. बाकीचे हळू झाले. सर सरळ आले. गुंडप्पाकाकांनी आडवी गाडी घातली म्हणून थांबले."

"उशिरा केला असशील."

"नाही, बाई."

"मग पुरेसा उंच नसेल. पुढच्या वेळी दोन पावलं पुढं उभी राहा."

तिनं मान हलवली. पटलेलं नव्हतं. पण पंचशीला वर्गातही वाद घालायची नाही.

यांना विचारलं. म्हणाले, "झेंडा नव्हताच." हे खोटं बोलत नाहीत. तेव्हा उशीरच झाला असणार.

६ मार्च, गुरुवार

गुंडप्पाचा फोन. घरात हे नाहीत ना, असं आधी विचारलं.

"वहिनी, मी अर्ज मागं घेतो."

मी खुर्ची ओढून बसले.

"खरंच घेतो. तुम्ही अध्यक्ष व्हा, मी हार घालतो. फकस्त रविवारी बाभळीच्या वळणावर उजवीकडं एक माणूस उभा करा. माझा नको, तुमचा करा. न्हाईतर मल्ल्याला चालवू देऊ नका."

"यांचा काय संबंध?"

पलीकडं दुकानात सळया टाकल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "त्यालाच इचारा. मी शपथ घेऊन बसलोय, वहिनी. माझ्या तोंडून निघनार न्हाई."

म्हणजे बिनविरोध निवडून यायचं आणि गावभर सांगायचं की गुंडप्पानं सोडलं म्हणून बाई झाली. आणि ठराव मीच मोडला की तो खरा, मी खोटी. शिवाय यांना शर्यतीतून काढलं तर यांचं मतही माझ्या विरोधात. चांगला डाव आहे. मी म्हणाले, "भाऊजी, मतदान होऊ द्या. मला मतांनी यायचंय."

"बरं," म्हणाला. "मग मीच हाय त्याच्या बाजूला."

यांना काही विचारलं नाही. विचारून तरी काय, "असू दे" म्हणाले असते.

९ मार्च, रविवार

मतदान झालं नाही.

१२ मार्च, बुधवार

गुंडप्पा काल दुपारी गेला. क्रमानं लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

शेवटची शर्यत, दहा फेऱ्या, आठ चालक. सातव्या फेरीपर्यंत गुंडप्पा यांच्या डावीकडे. आठव्या फेरीला नांदेडच्या एका गाडीनं दोघांच्या मध्ये तोंड घातलं आणि गुंडप्पाला पुढं निघावं लागलं. मी वेळ लिहिली. फेरीला चार सेकंदांनी वेगवान. बाभळीच्या वळणावर सुट्या मुरमावर त्याचं मागचं चाक गेलं. तो डाव्या कडेला घसरत जाऊन पडला, पण उठून बसला. हेल्मेट काढून मागं बघत होता, असं सगळे सांगतात. दोन्ही हात वर करून ओरडत होता. नांदेडची गाडी थांबली. हे थांबले नाहीत.

माझं टेबल तिथून चारशे पावलांवर आहे. मला धूळ दिसली. नवव्या फेरीच्या रकान्यात मी यांची वेळ लिहायला पेन टेकवला होता. तिथं ठिपका आहे.

यांची मांडी आणि गळपट्टीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्या आल्या म्हणाले, "झेंडा नव्हता." मग, "गुंडप्पा कुठाय?"

अजून सांगितलेलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

पोलिसांनी मंडळाचा अहवाल मागितला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून लिहिला. "बाभळीच्या वळणावरील झेंडेकऱ्याने झेंडा वेळेत दाखवला नाही, त्यामुळे मागील चालकास सूचना मिळाली नाही." सही केली. हणमंतरावांनीही केली. म्हणाले, "तिला आधीही सांगितलं होतं ना तुम्ही?" हो, सांगितलं होतं, दोन तारखेला. ते पण त्यात घातलं.

नांदेडच्या चालकाला विचारावं का, असं त्यांनी सुचवलं. तो झेंडा बघून थांबला की गुंडप्पाचे हात बघून? मी म्हणाले, तो पाहुणा आहे, त्याला कशाला ओढायचं.

१६ मार्च, रविवार

कार्यकारिणीची बैठक आमच्याच हॉलमध्ये. उमेदवार एकच उरला, म्हणून मी अध्यक्ष. हणमंतरावांनी नारळ दिला. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. दोघांनी वाजवल्या, मग थांबले.

उदगीरला भेटून आले. त्याची बायको गुरम्मा माझा हात धरून एवढंच म्हणाली, "शेवटपर्यंत मल्लूअण्णाचंच इचारत होते. त्याला दुसरा झेंडा दिसला का, म्हणत होते." शुद्ध हरपल्यावर माणूस काहीही बोलतो.

पंचशीलेचा फोन तीनदा आला. घेतला नाही. तिच्या आगारात चौकशी सुरू झाली आहे म्हणे. पोलिसात नाव पक्कं झालं तर निलंबन.

१८ मार्च, मंगळवार

डोक्याला मार होता म्हणून दवाखान्यानं डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. तरुण मुलगी आहे. यांना तपासून मला बाहेर घेऊन गेली.

"काकू, यांचा काचबिंदू कधीपासून आहे?"

"काचबिंदू नाही यांना."

"डावा डोळा जवळजवळ गेलाय, उजव्याचीही डावीकडची नजर गेलीय. अपघातानं नाही. दोन-तीन वर्षांचं काम आहे हे. डावीकडचं काहीच दिसत नसणार. घरात कळलं नाही तुम्हाला?"

मी म्हणाले, "नाही."

आत गेले तेव्हा हे छताकडे बघत होते. कुणीतरी गुंडप्पाचं सांगून टाकलं होतं. वॉर्डातल्या बाईनं बहुतेक. रडत नव्हते, डोळ्यांतून नुसतं पाणी येत होतं, दोन्ही डोळ्यांतून सारखंच.

"तो माझ्या डावीकडं असायचा," म्हणाले. "दोन वर्षं. डावीकडं तो आणि उजवीकडं झेंडा. भागत होतं. तुला सांगितलं असतं तर तू चालवू दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

"म्हणून."

१९ मार्च, बुधवार, दुपार

पंचशीला आली. खाकी गणवेशात, खांद्याला तिकिटाची पेटी. गाडी लातूरला चाळीस मिनिटं थांबते, तेवढ्यात धावत आलेली. हातात मोसंब्यांची पिशवी.

दार यांच्या डावीकडे आहे. हे उजवीकडच्या खिडकीतून निंबावरचे पारवे बघत होते. मी उठायच्या आत ती दारात थांबली. माझ्याकडे नाही, यांच्याकडे बघत. मग पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला. हात सरळ, कोपर ताठ, तळवा डोक्याच्या वर. हे पारवे बघत राहिले. तिनं हात हलवला. दोनदा, तीनदा. दहा पावलांचंही अंतर नव्हतं.

पिशवी वाजली तेव्हा हे वळले. "कोण आहे?"

हात खाली आला. "पंचशीला हाय, सर."

"ये की. बस." मग जरा थांबून, न रागावता, "त्या दिवशी तू कुठं होतीस गं?"

"तिथंच होते, सर," ती म्हणाली.

जिन्यापर्यंत मी तिच्यासोबत गेले. अहवाल तिला आगारात वाचून दाखवलाय. त्याबद्दल एक शब्द नाही. म्हणाली, "बाई, मला वाटायला लागलं होतं, मी झेंडा वर केलाच नाही की काय. गाडीत तिकीट देता देता हात वर जातो. लोक हसतात. आता बरं वाटलं."

बरं वाटलं म्हणाली.

"उद्या अकराला मला ठाण्यात बोलावलंय," ती म्हणाली. "काय सांगू?"

"जे झालं ते."

"अन् तुम्ही?"

तिनं वाट बघितली, वर्गात बघायची तशी. मग घड्याळ बघून पायऱ्या उतरली.

वर येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. फाटकाचा खांब. तांब्या. समई. बेलपानं. दोन मार्च. सहा मार्चचा फोन. सगळं तारीखवार, माझ्याच अक्षरात, एकही खाडाखोड नाही. उत्तर स्वतः लिहून प्रश्न न कळलेली मुलं मी नापास केलेली आहेत.

ठरावावर सही माझी. दाखल्यावर माझी. अहवालावर माझी. पंचशीलेची सही कुठंच नाही, तिची हजेरीसुद्धा मीच भरली. हा अहवाल तसाच राहिला तर यांच्यावर काही येत नाही, मी अध्यक्ष राहते, आणि नऊ मार्चला झेंडा वर झाला नव्हता असं कायमचं ठरतं. बदलला तर यांच्यावर काय येईल ते वकील सांगतील. माझ्यावर काय येईल ते मला वकिलाशिवाय कळतं.

उद्या अकराला मीही ठाण्यात जाणार आहे. वही सोबत नेणार.

त्याआधी यांना कळायला हवं. आत्ताच विचारत होते, "एवढं काय लिहून राहिलीस?" खुर्ची उचलून खाटेच्या उजव्या बाजूला आणून ठेवली आहे. चष्मा लावला. पाच जानेवारीपासून वाचून दाखवते. फाटकाचा खांब पहिल्याच पानावर आहे.